वाटणीला गेला आणि आई घेऊन आला

शुईमूच्या आईबापांनी मुलाची वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता चार मुली झाल्या. पाचव्या खेपेला शुईमू जन्मला. दारात फटाके वाजले, शेजारीपाजारी लाल रंगवलेली अंडी वाटली गेली, आणि या लेकराच्या नशिबी पुढे काय वाढून ठेवलंय याचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. चारी बहिणी मोठ्या झाल्या, दाझांग नदीकाठच्या चार गावांत दिल्या गेल्या, प्रत्येकीला मुलगेच मुलगे झाले, आणि त्या सगळ्यांना मिळून मामा एकटाच.

त्या डोंगरांत मामाचा मान मोठा. लग्नात मामा वरच्या जागेवर बसल्याशिवाय पंगत सुरू होत नाही. भाऊभाऊ वेगळे निघायचे म्हटले की पहिलं बोलावणं मामाला. तो येणार, मधल्या खोलीत वरच्या खुर्चीवर बसणार, दोन्हीकडचं ऐकणार आणि वाटणी करून देणार. कोर्ट तालुक्याला होतं, पण तिथून परत आलेल्याला शेजारी चहा विचारत नसत. मामानं केलेली वाटणी म्हणजे झालेली वाटणी.

आणि शुईमू तर जन्माचा भित्रा. कुणी आवाज चढवला की तो तिथून सटकायचा. म्हणून तर त्यानं बदकं पाळली होती. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांतून तो आपला थवा घेऊन हिंडायचा, लांब बांबूच्या टोकाला लाल चिंधी बांधून. बदकंही दिवसभर भांडतात, पण कुणी त्याला मधे घेत नसे.

त्याची पहिली वाटणी थोरल्या बहिणीच्या घरची. शुईमूचं तेव्हा नुकतं लग्न झालं होतं. थोरला भाचा मामापेक्षा वयानं मोठा होता आणि लहानपणी त्यानं मामाला तळ्यात ढकललंही होतं. आता तोच भाचा हात जोडून "मामा, बसा" म्हणत होता. शुईमू बसला. भाच्यांनी आरडाओरडा सुरू केला. काहीतरी करायचं म्हणून तो चहा पीत राहिला. पेला रिकामा झाला की भाचेसून भरायची, तो प्यायचा. दुपारपर्यंत भाच्यांचं भांडण संपेना आणि शुईमूला तर आता बसवेना. तो उठला.

"मामा, कुठे निघालात?" थोरला घाबरून म्हणाला.

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"अरे, जरा… बाहेर."

वाटणीतून मामा उठून गेला ही गोष्ट गावात पसरली असती तर त्या घरात पुढं कुणी मुलगी दिली नसती. दोन्ही भाचे धावले आणि त्यांनी त्याचे दोन दंड धरले.

"मामा, रागावू नका. उताराची जमीन मी त्याला देतो."

"आणि मी गोठ्याचा हट्ट सोडला, मामा. पण तुम्ही बसा."

"अरे बाबांनो, मला सोडा तर!"

"मागची खोलीही दिली, मामा! आता तरी बसा!"

शेवटी सगळं एकमेकांना देऊन झाल्यावर त्यांनी त्याला सोडलं. डुकरांच्या गोठ्यामागून शुईमू परत आला तेव्हा त्याचा चेहरा इतका शांत आणि तृप्त दिसत होता, की भाच्यांना वाटलं मामाचा राग गेला. झाली वाटणी. "शुईमू फारसा बोलत नाही, पण उठला की समोरच्याचं धाबं दणाणतं," असं नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलं. खरं काय ते त्यानं फक्त बायकोला, रुइशियाला, सांगितलं. ती हसून हसून चुलीपुढे खालीच बसली.

पण लोक बोलावत राहिले आणि शुईमू जात राहिला. आपल्या बहिणींची घरं झाली, मग बहिणींच्या नणंदांची, मग ज्यांचा सख्खा मामा वारला होता त्यांची. हळूहळू तो शिकला. एकाचं बोलणं पुरतं संपेपर्यंत दुसऱ्याला तोंड उघडू द्यायचं नाही. भावांशी बोलण्याआधी भावजयांचं ऐकायचं, कारण भाऊ बोलतात ते त्यांनीच पढवलेलं असतं. जाताना टोपलीभर बदकाची अंडी न्यायची. त्यांच्या बोलीत 'बदकाचं अंडं' आणि 'तंटा दाबणं' हे शब्द सारखेच ऐकू येतात, त्यामुळे अंडी आली म्हणजे अर्धं काम झालं असं लोक समजत. पुढे गावच्या कचेरीनंही त्याला मध्यस्थ म्हणून नेमलं आणि लाल अक्षरांचा एक पत्र्याचा मग दिला. शुईमू त्या मगानं बदकांना कोंडा घालायचा.

भित्रेपणा मात्र गेला नाही. प्रत्येक बोलावण्याच्या सकाळी तो रुइशियाला म्हणायचा, "मला ताप आल्यासारखं वाटतंय." ती कपाळाला हात न लावताच म्हणायची, "नाही आलेला. जा."

एका वसंतात तिसऱ्या बहिणीकडून बोलावणं आलं, आणि त्या सकाळी शुईमूला खरोखरच ताप आल्यासारखं वाटलं. यिनहुआ ही त्याची सगळ्यात लाडकी बहीण. लहानपणी तिनंच त्याला पाठीला बांधून वाढवलं होतं. तिचा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. घरचा धंदा शेवयांचा. पीठ तिंबायचं, त्याचे दोर करायचे, दोन काठ्यांवर गुंडाळायचे आणि अंगणातल्या मांडवाला एक काठी अडकवून दुसरी ओढत ओढत अंगणाच्या पार टोकापर्यंत न्यायची. उन्हात केसासारख्या बारीक शेवयांचे पडदेच्या पडदे वाऱ्यावर हलायचे. एकाला एकट्याला हे काम जमत नाही, ओढायला दोघं लागतात, आणि पिठात मीठ किती हे हवा बघून ठरवायला यिनहुआ लागायची.

तिचे मुलगे दोन. थोरला देबियाओ, धाकटा देशौ. दोघांचं एकमेकांशी बरं होतं. बिनसलं होतं ते जावांचं. थोरलीचं नाव बीयू. ती मोजकं बोलायची आणि बोललेलं लागायचं. धाकटी छायफंग सतत हसायची, गायची आणि माहेरून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर दिवसभर संगीत नाटकं लावायची. त्या आवाजानं शेवया तुटतात, असं बीयू एकदा म्हणाली. "शेवयांना कान असते तर तुमची कटकट ऐकून त्या कधीच पळून गेल्या असत्या," असं छायफंग म्हणाली. तिथून पुढे दोन चुली मांडण्यापर्यंत गोष्ट आली.

शुईमू अंडी घेऊन गेला, वरच्या खुर्चीवर बसला. सुरुवात झकास झाली. खोल्या ठरल्या, भाजीचा मळा ठरला, दगडी जातं थोरल्याला आणि मोठी कढई धाकट्याला गेली. शुईमू खुर्चीत जरा मागे टेकला. मग देबियाओ बोटांवर मोजत म्हणाला, "आता राहिलं काय? लोणच्याचा रांजण, डुकरीण आणि आई. रांजण आणि डुकरीण धाकट्यानं घ्यावी. आई मी घेतो."

"वा रे दादा!" देशौ म्हणाला. "पीठ कोण बघणार मग माझ्याकडे? आई मी घेतो. डुकरीण तू घे. वर रांजणही घे."

"डुकरीण गाभण आहे, देशौ. विचार कर."

"असू दे. तरी आई मलाच."

मधल्या दाराचा पडदा बाजूला झाला. यिनहुआ उभी होती, कोपरापर्यंत पिठानं माखलेली.

"गाभण आहे म्हणून तिचं पारडं जड, नाही का रे?" ती म्हणाली. "आणि मी म्हातारी, म्हणून माझ्यावर रांजणाचा वरताळा?"

"आई, तसं नाही गं!"

"कसं ते मला कळलं. कान शाबूत आहेत अजून माझे." तिनं हात पुसले, आत गेली आणि बोचकं घेऊन बाहेर आली. "शुईमू, ऊठ. चल."

"कुठे, ताई?"

"तुझ्या घरी. बसलास काय? वाटणी झाली. दोघांना एकेक डुकरीण मिळेल असं बघा म्हणावं."

वरच्या खुर्चीवरच्या मामानं उठून पळत पळत बहिणीमागे जावं, असं त्या डोंगरांत कुणी पाहिलं नव्हतं. अंड्यांची टोपली तिथेच राहिली. गावाबाहेरच्या पुलापर्यंत शुईमू म्हणत होता, "ताई, जरा विचार कर." आणि यिनहुआ म्हणत होती, "चपलेत खडा गेलाय, धर बोचकं."

आता घरी नणंद-भावजयीची जुंपणार आणि दोन दिवसांत ताई परत जाणार, अशी शुईमूची अटकळ होती. ती सपशेल चुकली. रुइशियानं वन्संना बघितलं मात्र, हातातला झाडू टाकला आणि म्हणाली, "बरं झालं आलात! या माणसाशी बोलून बोलून मी मुकी व्हायची वेळ आली होती."

दुसऱ्या दिवसापासून दोघींचे पत्ते सुरू झाले. चार रंगांचे ते अरुंद पत्ते हातात पंख्यासारखे धरून दोघी स्वयंपाकघरात बसायच्या आणि शुईमूच्या लहानपणापासूनच्या फजित्या यिनहुआ एकेक करून बाहेर काढायची. आतून हसण्याचा स्फोट झाला की बाहेर शुईमू समजायचा, आणखी एक गेली. जेवायच्या वेळेला तो आत डोकवायचा तर चूल थंड.

"आज काय आहे जेवायला?"

"तुम्ही कराल ते," रुइशिया पत्त्यांतून मान वर न करता म्हणायची.

"शुईमू, आलं जरा जास्त घाल रे," यिनहुआ सांगायची. "काल नुसतं पाणी होतं."

यिनहुआनं बदकांनाही सोडलं नाही. ती तळ्याच्या काठी उभी राहून त्यांना रांगेत चालायला शिकवायची आणि ती नाही चालली की शुईमूला बोलायची.

गावोगावी तर चर्चेला ऊतच आला. बाजारात इतर बहिणींचे मुलगे भेटले की विचारायचे, "काय मामा, या वाटणीत तुम्ही काय घेतलं?"

"मी काय घेणार?"

"आई घेतली म्हणे! मामा, आमच्याकडे आलात की आधी आईला माडीवर कोंडूनच ठेवतो बघा."

शुईमू वरवर हसायचा. शेवटी एकदा रुइशिया माहेरी गेलेली पाहून तो बहिणीजवळ जाऊन बसला. यिनहुआ उंबऱ्यावर लसूण सोलत होती.

"ताई, पोरं चुकली. मान्य. पण दोघं तुलाच मागत होती. नको तर म्हणत नव्हती ना?"

"मागत होती, खरं आहे."

"मग राग कसला?"

यिनहुआनं सोललेली पाकळी वाडग्यात टाकली. "शुईमू, तू आजवर किती घरं वाटलीस?"

"पुष्कळ."

"कुठल्या घरात आईला विचारलंस, तुझ्या मनात काय आहे?"

शुईमू एकेक घर आठवू लागला. थोरल्या ताईला त्यानं महिना इकडे, महिना तिकडे असं बांधून दिलं होतं. नीट, कुणावर भार पडू नये असं. ताई तेव्हा दारामागे उभी होती. तिनं मान हलवली होती, का हलवलीच नव्हती? त्याला आठवेना.

"मोठं माणूस म्हणून तुला वर बसवतात," यिनहुआ म्हणाली, "आणि ज्या घराची वाटणी करायची ते घर जिनं उभं केलं ती चहा घेऊन ये-जा करते. तुझा दोष नाही म्हणत मी. रीतच ती. पण डुकरिणीच्या शेजारी जाऊन बसायला नाही जमलं मला. आता तो वाडगा सरकव इकडे. आणि तोंड असं पाडू नकोस, लहानपणी असंच तोंड करून माझ्या पाठीवर मुतायचास."

इकडे तिच्या घरी काय चाललं होतं ते हळूहळू कानावर येत होतं. आई गेल्यावर दोघा भावांनी रागानं अंगणाच्या मधोमध बांबूच्या तट्ट्या उभ्या केल्या होत्या. अंगण होतं त्याच्या निम्मं झालं. निम्म्या अंगणात शेवई ओढायची तर ती बारीक व्हायच्या आधीच तट्टी यायची. देबियाओच्या शेवया करंगळीएवढ्या जाड होत होत्या. देशौकडे ऊन यायचं ते दुपारनंतर, तोवर त्याच्या शेवया चिकटून लगदा व्हायचा. मिठाचा अंदाज तर दोन्हीकडे गेलेला. शेवई जितकी लांब तितकं आयुष्य लांब, म्हणून एका म्हाताऱ्याच्या वाढदिवसाला थोरल्याच्या शेवया नेल्या, तर त्यांचे कढईतच तुकडे तुकडे झाले. म्हाताऱ्यानं वाडग्यात बघितलं आणि म्हणाला, "मला यंदाच न्यायचा विचार आहे का तुमचा?"

त्यानंतर एका सकाळी देबियाओ मामाच्या पुढच्या दाराशी आला. हातात सुकवलेले मशरूम, चेहरा शाळा बुडवताना पकडलेल्या पोरासारखा. शुईमूनं त्याला पुढच्या खोलीत बसवलं.

"मामा, आईला सांगा, डुकरीण मी धाकट्याला दिली. आता तिनं घरी यावं."

शुईमू आत गेला. पत्ते रंगात आले होते. "ताई, देबियाओ आलाय. डुकरीण धाकट्याला दिली म्हणतो."

"म्हणजे अजून डुकरीण आहेच का मधे?" यिनहुआनं पत्ता आपटला.

शुईमू निरोप घेऊन वळतो तोच मागच्या बाजूला बदकांचा गलका झाला. तळ्याच्या बांधावरून देशौ येत होता, हातात जिवंत मासा लटकवून, थोरल्याला दिसू नये म्हणून वाकून चालत.

"मामा, हळू बोला. दादाला सांगू नका मी आलो ते. आईला म्हणावं, डुकरीण दादाला, रांजण दादाला, कढईसुद्धा दादाला. आईनं फक्त यावं."

शुईमू पुन्हा स्वयंपाकघरात. "ताई, देशौ मागे आहे. तो म्हणतो डुकरीण दादाला, रांजण…"

"रांजण आला बघ रुइशिया, मी म्हटलंच होतं."

"तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, वन्सं. आता तुमची पाळी."

पुढून मागे, मागून पुढे, मधे चुलीवर उतू चाललेला भात. शुईमूचा सदरा घामानं भिजला. अशात फाटकाजवळ दोन बायकांचे आवाज आले. नवरे गुपचूप कुठे गेले ते बघायला दोन्ही सुना वेगवेगळ्या वाटांनी निघाल्या होत्या आणि मामाच्या फाटकात समोरासमोर आल्या होत्या. छायफंगच्या काखेत टेपरेकॉर्डर होता, घरी ठेवला तर जाऊबाई फोडतील या भीतीनं.

"ते डबडं इथेही आणलंस?"

"माझं आहे. तुमच्या डोक्यावर ठेवलंय का?"

आवाज ऐकून देबियाओ पुढून आला, देशौ मागून. "तू इथे?" "मग तू कसा इथे?" आणि अंगणात चौघं एकदम बोलायला लागली. बदकंही ओरडू लागली. आत भात करपला.

त्या वासानं शुईमूचं काय झालं कोण जाणे. आयुष्यात कधी न चढलेला त्याचा आवाज असा काही फुटला की देशौच्या हातून मासाच खाली पडला.

"गप्प बसा! सगळे! बदकंसुद्धा!"

सगळे गप्प बसले. बदकंही, हे विशेष. रुइशिया हातातले पत्ते तसेच धरून दारात आली. इतक्या वर्षांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता. शुईमू स्वतःच दचकला होता. मग तो आत गेला, घरातली एकुलती एक हातांची खुर्ची उचलून आणली, अंगणात मधोमध ठेवली आणि म्हणाला, "ताई, इथे बस."

"मी? ती मामाची जागा."

"मामा मीच ना? मग माझी जागा मी तुला दिली. या घराची वाटणी तू कर. आम्ही ऐकतो."

थोरल्याचं तोंड उघडंच राहिलं. रीत मोडली होती, आणि मोडली कुणी, तर खुद्द मामानं. यिनहुआनं भावाकडे पाहिलं, एप्रनला हात पुसले आणि बसली. खुर्चीचे हात तिनं चाचपून पाहिले.

"बीयू," ती मग म्हणाली, "आधी तू. त्या टेपचा तुला एवढा का राग?"

एरवी बीयू तिथून निघून गेली असती. पण सासू खुर्चीवर होती, तिच्या समोर सगळे होते. "ती बंद करते," ती पुटपुटली.

"काय?"

"ही शेवटच्या अंकाआधी बंद करते, आई! दररोज! राजकन्येची ओळख पटते की नाही ते कळायच्या आत टेप बंद, आणि हिचं स्वतःचं गाणं सुरू. दोन वर्षं झाली, मला अजून कळलं नाही त्या बाईचं पुढे काय झालं."

छायफंग तिच्याकडे बघतच राहिली. "अगंबाई, जाऊबाई! तुम्हाला आवडत नाही म्हणून मी घाबरून मधेच बंद करायची! तुम्ही अंगणात आलात की बंद!"

"मी ऐकायला यायचे!"

रुइशियानं तोंडाला पत्ते लावले, पण हसू बाहेर आलंच. मग देशौ हसला, मग देबियाओ, आणि बीयूचा चेहरा लाल झाला तरी ओठांचा कोपरा हलला.

"ओळख पटते का गं तिची?" तिनं हळूच विचारलं.

"पटते. पण त्याआधी ती नदीत उडी घेते. आत्ता लावू?"

"आधी वाटणी," यिनहुआ म्हणाली. आता तिला सूर सापडला होता. "खोल्या ठरल्यात तशाच. चुली दोन, त्याही हव्यातच. एका चुलीवर दोन बायका म्हणजे कुणाचंच मीठ बरोबर नाही. पण अंगण एक. तट्ट्या आजच काढायच्या. शेवया चौघांनी मिळून ओढायच्या, टेप सुरू असेल, आणि नाटक शेवटपर्यंत चालेल. डुकरीण दोघांची, तिला आधी विचारा पाहिजे तर."

"आणि तू, आई?" देबियाओनं खाली मान घालून विचारलं.

"मी कुणाच्या वाटणीला नाही. मी माझ्या खोलीत राहीन. पीठ दोघांचं बघेन, कारण पीठ वाया गेलेलं मला बघवत नाही. जेवायचं म्हणाल, तर दररोज सकाळी दोघींनी मला येऊन सांगायचं, आज काय शिजणार आहे. जिथलं बरं वाटेल तिथे मी जाईन. आणि दोन्हीकडचं नाही आवडलं तर मी इथे येईन."

"इथे?" शुईमूच्या तोंडून निसटलं.

"का, तुला अडचण आहे?"

"नाही ताई. मी आपलं विचारलं."

"आणखी एक. इकडे येतानाचं बोचकं शुईमूनं उचललं होतं, परत जातानाचं देशौ उचलेल. शुईमूला ओझ्याची फार सवय नाही."

त्या दिवशी मामाकडे सगळे जेवले. भात करपलेला होता, पण मासा ताजा होता. देबियाओनं दोन्ही हातांनी मामाला पेला दिला आणि म्हणाला, "मामा, तुमचा आवाज असा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं." "मलाही," शुईमू म्हणाला. त्यानं जेवून झाल्यावर शांतपणे गरम चहानं आपला घसा शेकला.

तट्ट्या संध्याकाळी निघाल्या. पुढच्या बाजाराला शेवया पुन्हा केसासारख्या आल्या. सासूबाईंच्या जेवणाची व्यवस्था मात्र त्या घरात चांगलीच गाजली. पहिले काही दिवस सुना लाजत सांगायच्या, कोबी, भात. मग बीयूला कळलं की समोर धाकटीकडे वाफवलेलं डुकराचं मांस आहे आणि आई चारदा तिकडे गेल्या. तिनं अळकुड्यांच्या वड्या केल्या. छायफंगनं माहेरून गोड भाताची कृती मागवली. यिनहुआ सकाळी खोलीच्या दारात बसून दोघींचं ऐकायची, हनुवटीवर बोट ठेवून विचार करायची, आणि नवऱ्यांनाही आयतं चांगलं खायला मिळायला लागलं म्हणून ते या गोष्टीत पडत नसत. वर्षभरात यिनहुआला नवे सदरे शिवावे लागले.

शुईमूला पुढेही बोलावणी येत राहिली. त्या त्या सकाळचा तापही येत राहिला. फरक एवढाच, की आता तो गेल्या गेल्या आधी आतल्या खोलीत जायचा आणि म्हातारीजवळ स्टूल ओढून बसायचा. "मावशी, तुमच्या मनात काय आहे?" त्याला तऱ्हेतऱ्हेची उत्तरं मिळाली. एकीला आतून लावता येणारी कडी हवी होती. एकीला थोरल्या सुनेचा स्वयंपाक आणि धाकट्या सुनेची संगत हवी होती, आणि ते कसं जमवायचं यात शुईमूची पूर्ण दुपार गेली. एक म्हणाली, "मी मरेपर्यंत वाटणी नको," आणि मुलांनी आढेवेढे घेत ते मान्य केलं. ती बाई अजून नदीवर स्वतःचे कपडे स्वतः धुते, आणि मुलं आजोबा झाली आहेत.

थोरल्या ताईकडे तो एकदा मुद्दाम गेला. महिना इकडे, महिना तिकडे, याबद्दल तिला काय वाटतं ते इतक्या वर्षांनी विचारलं. ती बरंच हसली. "आता विचारतोस? आता सवय झाली. एकीचा कंटाळा येईपर्यंत दुसरीचा महिना येतो." शुईमूनं हुश्श केलं, तरी निघताना तो म्हणाला, "काही बदलावंसं वाटलं तर सांग." ती म्हणाली, "अंडी जरा जास्त पाठवत जा."

मग शुईमूच्याही घरी तो दिवस आला. त्याची स्वतःची दोन मुलं, इतकी वर्षं बाहेरगावी कामाला असलेली, आता वेगळी निघायची म्हणाली. अशा वेळी बाप खालच्या बाकावर बसतो आणि वर बसतो बायकोचा भाऊ. रुइशियाचा भाऊ तालुक्याला न्हावी होता आणि बोलायला लागला की थांबत नसे. सकाळभर त्यानं तालुक्यातल्या बातम्या सांगितल्या. शुईमूला जिभेवर ताबा ठेवणं इतकं जड कधीच गेलं नव्हतं. शेवटी न्हाव्याला काम आठवलं.

"तर मग, ताई," तो रुइशियाकडे वळला, "आजकाल आधी आईला विचारतात म्हणे, तुमच्या मेव्हण्यांनीच ही पद्धत पाडलीय. तर तुला काय हवंय?"

"मेव्हणे तुझे," शुईमू न राहवून म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

रुइशियानं फार विचार केला नाही. "खोली मला कुठलीही चालेल," ती म्हणाली. "पण तिच्यात दोन खाटा पाहिजेत. वन्सं बाजाराच्या दिवशी आल्या की मुक्काम करतात."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान्य केलं. नदीकडची मोठी खोली ठरली, जिथे दिवसभर उजेड असतो आणि पत्त्यांचे रंग नीट ओळखू येतात. पुढच्या बाजाराला यिनहुआ आली, खाट दाबून पाहिली, चांगली आहे म्हणाली. शुईमू स्वयंपाकघरात गेला आणि आलं किसायला लागला.